अमेरिकेतील प्रादेशिक विमान कंपन्यांचे वैमानिक: वेतन, वेळापत्रक आणि घरखर्च यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत उड्डाणाचे प्रशिक्षण घेतलेले, तिथे काम करण्याचा कायदेशीर हक्क असलेले मराठी तरुण आणि त्यांच्या शिक्षणाचा भार उचलणारे पालक यांच्याकडून येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. कंपनीगणिक करार वेगळे असतात, त्यामुळे नोकरी स्वीकारण्यापूर्वी त्या कंपनीचा वैमानिकांशी झालेला करार मुळातून वाचावा. हे करार शंभर-दोनशे पानांचे असतात. त्यांतील वेतन, वेळापत्रक आणि राखीव ड्युटी ही तीन प्रकरणे तरी वगळू नयेत.

प्रादेशिक विमान कंपनी म्हणजे नेमके काय?

विमानावर ‘अमेरिकन ईगल’, ‘डेल्टा कनेक्शन’ किंवा ‘युनायटेड एक्स्प्रेस’ असे नाव रंगवलेले असते. पण ते विमान चालवणारी कंपनी बहुधा स्कायवेस्ट, रिपब्लिक, एन्व्हॉय, पीएसए, पीडमाँट किंवा एन्डेव्हर यांपैकी एखादी असते. तिकिटे मोठी कंपनी विकते, इंधनाचा खर्चही सहसा तीच उचलते आणि प्रादेशिक कंपनीला ठरलेल्या दराने उड्डाणांचा मोबदला मिळतो. मोठ्या कंपन्यांच्या वैमानिक संघटनांनी आपल्या करारांत घातलेल्या मर्यादांमुळे ही विमाने साधारणपणे ७६ आसनांपर्यंतचीच असतात. एम्ब्रेअर १७५ आणि सीआरजे ही त्यांतली नेहमीची नावे होत.

पगाराच्या प्रश्नाशी या रचनेचा थेट संबंध आहे. मोठ्या कंपनीने कंत्राट काढून घेतले, तर प्रवासी पूर्वीसारखेच प्रवास करत राहतात. वैमानिकाची कंपनी मात्र संपते. २०२०च्या एप्रिलमध्ये ट्रान्स स्टेट्स आणि कम्पास, तर सप्टेंबरअखेर एक्स्प्रेसजेट, अशा तीन प्रादेशिक कंपन्या एकाच वर्षात बंद पडल्या. एन्व्हॉय, पीएसए आणि पीडमाँट या अमेरिकन एअरलाइन्सच्या समूहातल्या, तर एन्डेव्हर ही डेल्टाच्या मालकीची कंपनी आहे. अशा कंपन्यांत हा धोका तुलनेने कमी असतो, पण अजिबात नसतो असे म्हणता येणार नाही.

पगार महिन्याचा ठरलेला असतो की तासावर?

तासावर, परंतु हा तास घड्याळातला नव्हे. विमान जागेवरून हलल्यापासून पुढच्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतच्या वेळेला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात आणि वेतन मुख्यतः त्यावर मोजले जाते. विमानतळावर तासभर आधी हजर होणे, दोन उड्डाणांच्या मधली प्रतीक्षा, खराब हवामानामुळे टर्मिनलमध्ये गेलेला अर्धा दिवस, या कशाचेही वेगळे पैसे सहसा मिळत नाहीत. म्हणूनच ताशी ९० डॉलर ऐकून आठवड्याचे ४० तास धरून गुणाकार करणाऱ्याचे गणित पहिल्याच पायरीवर चुकते. महिन्याला ८० तासांचे वेतन मिळवणारा वैमानिक प्रत्यक्षात अडीचशे ते तीनशे तास घराबाहेर असू शकतो.

या पद्धतीतली जोखीम कमी करणारी दोन कलमे बहुतेक करारांत असतात. पहिले कलम असे की, नियोजित वेळ आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ यांपैकी जो जास्त असेल त्याचे वेतन मिळते. दुसरे म्हणजे किमान हमी. ती साधारणपणे महिन्याला ७२ ते ७६ तासांची असते. उड्डाणे कमी मिळाली तरी तेवढ्या तासांचे वेतन कंपनीला द्यावेच लागते. मात्र वैमानिकाने स्वतःहून ड्युटी सोडली किंवा बिनपगारी रजा घेतली, तर हमी त्या प्रमाणात कमी होते.

‘रिग’ हा शब्द करारात वारंवार येतो. त्याचा अर्थ काय?

वैमानिकाला कामावर गुंतवून ठेवायचे आणि उडवायचे मात्र फार थोडे, असे कंपनीने करू नये यासाठी केलेली ही तरतूद आहे. समजा, चार दिवसांच्या एका फेरीत एकूण ब्लॉक टाइम केवळ १५ तासांचा आहे, पण वैमानिक तळापासून, म्हणजे कंपनीने नेमून दिलेल्या मूळ विमानतळापासून, ७६ तास दूर आहे. करारात ‘चारास एक’ असा रिग असेल, तर बाहेर घालवलेल्या दर चार तासांमागे एक तास वेतनाला धरला जातो. म्हणजे १५ऐवजी १९ तासांचे वेतन मिळते. काही करारांत दर दिवसाला किमान ठरावीक तासांचे वेतन असते, काहींत ड्युटीच्या दर दोन तासांमागे एक तास. दोन कंपन्यांची तुलना करताना ताशी दरातील दोन-तीन डॉलरच्या फरकापेक्षा या कलमाकडे अधिक लक्ष द्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आज सुरुवातीचा दर किती आहे आणि पूर्वी तो इतका कमी का होता?

१२ फेब्रुवारी २००९ रोजी कोलगन एअरचे नेवार्कहून निघालेले विमान बफेलोजवळ कोसळले आणि जमिनीवरील एका व्यक्तीसह ५० जणांचा मृत्यू झाला. त्यानंतरच्या चौकशीत या व्यवसायाचे अर्थकारण प्रथमच सर्वांसमोर आले. त्या उड्डाणाची सहवैमानिक अत्यल्प वेतनावर काम करत होती आणि आदल्या रात्री सिअ‍ॅटलहून मालवाहू विमानांतून प्रवास करत ती नेवार्कला पोहोचली होती. २०१०मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा केला. त्यानुसार ऑगस्ट २०१३पासून सहवैमानिकालाही सर्वसाधारणपणे १५०० तासांचा अनुभव आवश्यक झाला. विमानविद्येची पदवी असलेल्यांना १०००, तर लष्करी वैमानिकांना ७५० तासांची सवलत आहे.

उमेदवार कमी झाले, तरी वेतन लगेच वाढले नाही. महासाथीच्या काळात मोठ्या कंपन्यांनी ज्येष्ठ वैमानिकांना मुदतपूर्व निवृत्ती दिली आणि नंतर प्रवासी परतताच प्रादेशिक कंपन्यांतून वैमानिक ओढून घेतले, तेव्हा कुठे चक्रे फिरली. जून २०२२मध्ये एन्व्हॉय, पीडमाँट आणि पीएसए यांनी पहिल्या वर्षाच्या सहवैमानिकाचा दर ताशी ९० डॉलरच्या आसपास नेला आणि इतरांनाही त्यामागे जावे लागले. ताशी ९० डॉलर आणि ७५ तासांची हमी धरली, तर वर्षाला ८१,००० डॉलर होतात. वेतनवाढ घडली ती माणसे मिळेनाशी झाली म्हणून; ही परिस्थिती कायम राहील असे गृहीत धरून तीस वर्षांचे गृहकर्ज काढू नये.

महिन्याचे वेळापत्रक कसे ठरते?

ज्येष्ठतेने, आणि केवळ ज्येष्ठतेने. नोकरीत रुजू झाल्याच्या तारखेनुसार मिळालेला क्रमांक हा वैमानिकाच्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा आकडा असतो. विमानाचा प्रकार, तळाचे शहर, सुट्ट्या, दिवाळीला घरी असणे किंवा नसणे, सारे काही त्यावर अवलंबून असते. दर महिन्याला वैमानिक आपली पसंती संगणकावर नोंदवतात आणि प्रणाली वरच्या क्रमांकापासून खाली वाटप करत येते. महिन्याला साधारण ११ ते १३ दिवस सुट्टीचे असतात, पण ते कोणते असतील हे कनिष्ठ वैमानिकाच्या हाती नसते. कंपनी बदलली की पूर्वीचा अनुभव कितीही असो, क्रमांक पुन्हा यादीच्या शेवटापासून सुरू होतो.

वाटप झाल्यानंतर ड्युटीची अदलाबदल करता येते, उरलेल्या फेऱ्या जादा म्हणून उचलता येतात आणि कंपनी अडचणीत असली तर त्यांना दीडपट किंवा दुप्पट दरही मिळतो.

रिझर्व्ह म्हणजे काय? नव्या वैमानिकाने त्याची तयारी कशी करावी?

रिझर्व्हवरील वैमानिकाला ठरलेल्या फेऱ्या नसतात. कुणी आजारी पडले, विमान बिघडले, हवामानामुळे सहकाऱ्यांचे ड्युटीचे तास संपले, तर त्यांच्या जागी त्याला बोलावले जाते. ‘शॉर्ट कॉल’मध्ये फोन आल्यापासून साधारण दोन तासांत विमानतळावर हजर व्हावे लागते, असा उपलब्धतेचा कालावधी नियमानुसार एका वेळी १४ तासांपेक्षा जास्त असू शकत नाही. ‘लाँग कॉल’मध्ये बरीच आधी सूचना मिळते. तिसरा प्रकार विमानतळावरच गणवेशात बसून राहण्याचा असून तो ड्युटीतच मोजला जातो.

आर्थिकदृष्ट्या रिझर्व्हचा अर्थ असा की, मिळकत किमान हमीजवळ अडकून राहते. फोन फारसा आलाच नाही तरी ७५ तासांचे वेतन मिळते, हे वरवर सुखाचे वाटते. पण बाहेरगावची ड्युटी नसल्याने दैनिक भत्ता मिळत नाही, आणि तळाच्या शहरात घर नसेल तर ते सगळे दिवस भाड्याच्या खाटेवर काढावे लागतात. रिझर्व्ह काही महिन्यांत संपेल की दोन वर्षे चालेल, हे आपल्यामागून किती वैमानिक भरती होतात यावरच ठरते. त्यामुळे मुलाखतीच्या वेळी ‘या तळावर रिझर्व्ह किती काळ चालतो?’ हा प्रश्न जरूर विचारावा. भरती विभागाच्या उत्तरापेक्षा त्या तळावरच्या नव्या सहवैमानिकांचे उत्तर अधिक भरवशाचे असते.

कामाच्या तासांवर कायद्याची मर्यादा आहे का?

आहे. ४ जानेवारी २०१४पासून लागू झालेल्या ‘भाग ११७’ या नियमावलीनुसार दोन वैमानिकांच्या विमानात दिवसाचे उड्डाण, ड्युटी सुरू होण्याच्या वेळेनुसार, ८ किंवा ९ तासांपर्यंतच ठेवता येते. एकूण उड्डाण-ड्युटी ९ ते १४ तासांची असते. ती पहाटे सुरू झाली किंवा उड्डाणांची संख्या वाढली की मर्यादा घटते. ड्युटीपूर्वी १० तासांची विश्रांती आणि तीत सलग ८ तासांच्या झोपेची संधी बंधनकारक आहे. सात दिवसांत सलग ३० तास पूर्ण मोकळे मिळावे लागतात. २८ दिवसांत १०० आणि ३६५ दिवसांत १००० उड्डाण-तासांची कमाल मर्यादा आहे.

या मर्यादा अंदाजपत्रकासाठीही उपयोगी आहेत. जादा फेऱ्या उचलून हवे तेवढे कमवता येईल, हा समज त्या मोडून काढतात.

तळाच्या शहरात राहावे की दुसऱ्या गावाहून ये-जा करावी?

शक्य असेल तर तळाच्या शहरातच राहावे. हे उत्तर अनेकांना आवडत नाही, कारण तळ न्यूयॉर्क किंवा वॉशिंग्टनसारख्या महागड्या महानगरात असतो आणि नातेवाईक ह्यूस्टन किंवा अटलांटात. वैमानिकांना विमानातील रिकाम्या आसनावर अथवा कॉकपिटमधील जादा आसनावर विनामूल्य प्रवास करता येत असल्याने ये-जा फुकट पडते, असा समज होतो. तिचा खर्च मात्र वेगळ्या वाटांनी निघतो. अनेक वैमानिक मिळून भाड्याने घेतलेल्या ‘क्रॅशपॅड’मधील खाटेला महिना साधारण २५० ते ४०० डॉलर लागतात. सकाळी सहाची ड्युटी असली तर आदल्या दिवशी निघावे लागते आणि रात्री उशिरा सुटल्यास दुसऱ्या दिवशी परतावे लागते. अशा रीतीने चार फेऱ्यांच्या महिन्यात सुट्टीचे पाच-सहा दिवस सहज प्रवासात जातात. बारा दिवसांच्या सुट्टीतून सहा वजा केले, तर उरलेल्या सुट्टीला डॉलरमध्ये किंमत लावणे ज्याचे त्याने करावे.

ये-जा करण्याचा वेळ ड्युटीत मोजला जात नाही. मात्र प्रत्येक उड्डाणापूर्वी आपण कामास सक्षम आहोत, असे वैमानिकाला स्वतः प्रमाणित करावे लागते आणि थकव्याची जबाबदारी तेथे त्याच्यावर येते. बहुतेक करारांत ये-जा करणाऱ्यांसाठी संरक्षणाचे कलम असते. वेळेवर पोहोचवू शकतील अशी ठरावीक संख्येची, बहुधा दोन, उड्डाणे प्रयत्न करूनही हुकली, तर शिस्तभंगाची कारवाई होत नाही. परंतु त्या फेरीचे वेतन जाऊ शकते.

दैनिक भत्ता मिळकतीत धरावा का?

धरू नये. तळावरून निघाल्यापासून परत येईपर्यंत प्रत्येक तासाला सुमारे २ डॉलर हा भत्ता मिळतो. महिन्याला ३०० तास बाहेर राहिल्यास ६०० डॉलर होतात आणि मुक्कामी फेऱ्यांवरील ही रक्कम सहसा करमुक्त असते. विमानतळावर दोन वेळ विकतचे जेवण घेतले तर ती जवळपास तेवढीच खर्च होते. घरून डबा नेणारे, हॉटेलच्या मायक्रोवेव्हवर वरण-भात गरम करून खाणारे सहवैमानिक यातून महिन्याला दोन-तीनशे डॉलर सहज वाचवतात. लहान शीतपेटी सामानाला अडकवून चालणारे वैमानिक अमेरिकेतील कोणत्याही विमानतळावर दिसतात. त्यात संकोच बाळगण्यासारखे काही नाही.

पहिल्या वर्षाचे मासिक अंदाजपत्रक कसे दिसेल?

टेक्साससारख्या, राज्याचा आयकर नसलेल्या ठिकाणी राहणाऱ्या अविवाहित सहवैमानिकाचे उदाहरण घेऊ. ताशी ९० डॉलर आणि ७५ तास धरल्यास महिन्याचे वेतन ६,७५० डॉलर होते. त्यातून सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअर (सरकारी आरोग्यविमा) यांचे ७.६५ टक्के, म्हणजे सुमारे ५१६ डॉलर जातात. ‘४०१ के’ निवृत्ती योजनेत सहा टक्के भरल्यास ४०५, संघराज्याचा आयकर सुमारे ७००, आरोग्यविमा आणि संघटनेची वर्गणी मिळून पावणेतीनशे ते तीनशे डॉलर वजा होतात. हातात साधारण ४,८०० ते ४,९०० डॉलर उरतात.

भाडे १,४००, गाडी व तिचा विमा ६००, किराणा आणि इतर घरखर्च ७००, फोन व किरकोळ २०० धरले, तर दोन हजारांच्या आत-बाहेर शिल्लक राहते. तीवर पहिला हक्क प्रशिक्षणाच्या कर्जाचा. अनेक मराठी घरांत हे कर्ज भारतातील राहते घर तारण ठेवून, वडिलांच्या नावावर, रुपयांत घेतलेले असते. हप्ता ७०,००० रुपयांचा असेल, तर विनिमय दरानुसार सुमारे आठशे डॉलर दरमहा बाजूला काढावे लागतील. ‘४०१ के’मध्ये कंपनी जेवढ्या टक्क्यांपर्यंत बरोबरीने भर घालते, तेवढे टक्के मात्र कर्ज असतानाही भरावेत, ती भर सोडणे म्हणजे वेतनाचाच भाग सोडणे होय.

हे सारे किमान हमीवर मांडावे. उन्हाळ्यात ९० तासांचे वेतन आले म्हणून त्या पातळीचे घर किंवा गाडी घेणाऱ्याची फेब्रुवारीत ओढाताण होते. शिवाय अनेक कंपन्यांत महिन्याचा पहिला धनादेश अर्ध्या हमीचा असतो आणि मागील महिन्याचे जादा तास व भत्ते दुसऱ्या धनादेशात येतात, त्यामुळे घरभाड्याची तारीख कोणत्या धनादेशाला लागून येते हे पाहून ठेवावे.

नोकरी स्वीकारताना मिळणाऱ्या बोनसविषयी कोणती काळजी घ्यावी?

बोनसवर सामान्यतः २२ टक्के संघराज्याचा आयकर आधीच कापला जातो. २०,००० डॉलर जाहीर झाले तरी इतर कपातींनंतर हाती चौदा हजारांच्या आसपासच येतात. त्यासोबत ठरावीक काळ, बहुधा दोन वर्षे, नोकरी न सोडण्याची अट असते. मुदतीआधी सोडल्यास परतफेड पूर्ण रकमेची करायची की हाती आलेल्या रकमेची, आणि काढलेल्या महिन्यांच्या प्रमाणात सूट आहे का, हे लेखी असल्याशिवाय सही करू नये. मोठ्या कंपनीचे बोलावणे अठराव्या महिन्यात आले, तर हा मुद्दा अचानक फार मोठा होतो.

आयकर कोणत्या राज्यात भरायचा?

वैमानिक एका दिवसात पाच राज्यांत उतरत असला, तरी संघराज्याच्या कायद्याने त्याच्या वेतनावर आयकर लावण्याचा अधिकार त्याच्या निवासाच्या राज्याला, किंवा ज्या राज्यात तो निम्म्याहून अधिक वेतन कमावतो त्या राज्याला आहे. त्यामुळे टेक्सास, फ्लोरिडा किंवा टेनेसी येथे राहणाऱ्यांना खरा लाभ होतो. गणवेश, संघटनेची वर्गणी यांसारख्या स्वखर्चाची वजावट मात्र संघराज्याच्या विवरणपत्रात २०१८पासून मिळत नाही.

आपत्कालीन निधी किती असावा?

नेहमी सांगितले जाणारे तीन महिने या व्यवसायात पुरत नाहीत. सहा महिन्यांचा खर्च हे आम्ही किमान मानतो. कंपनी बंद पडण्याचा किंवा सक्तीच्या बिनपगारी रजेचा धोका आहेच, त्याहून मोठा धोका वैद्यकीय प्रमाणपत्राचा आहे. कॅप्टन म्हणून काम करणाऱ्याला प्रथम श्रेणीचे प्रमाणपत्र चाळिशीपर्यंत दर १२ महिन्यांनी आणि नंतर दर ६ महिन्यांनी नूतन करावे लागते. एखादे औषध सुरू झाले, शस्त्रक्रिया झाली, तर कागदपत्रांची पूर्तता होईपर्यंत काही महिने घरी बसावे लागू शकते. दीर्घकालीन अपंगत्वाचा विमा वैमानिकाचे ‘परवान्याला अपात्र होणे’ ग्राह्य धरतो का, की ‘कोणतेही काम करण्यास असमर्थ असणे’ अशी अट घालतो, हे तपासून पाहावे. या दोन व्याख्यांतील फरक लाखो डॉलरचा असू शकतो.

कॅप्टन होण्याची वाट पाहावी की मोठ्या कंपनीत लगेच जावे?

नियमानुसार कॅप्टन होण्यासाठी अनुसूचित विमानसेवेतील किमान १००० तासांचा अनुभव लागतो. जागा असेल तर दोन वर्षांच्या आत बढती मिळू शकते आणि वेतनात मोठी उडी येते. मात्र कॅप्टन झालेला वैमानिक कॅप्टनांच्या ज्येष्ठता यादीत पुन्हा शेवटी असतो आणि पुन्हा रिझर्व्हवर जातो. ज्याला लहान मुले आहेत, त्याने पैशाइतकाच या गोष्टीचाही विचार करावा. निवृत्तीचे वय ६५ असल्यामुळे मोठ्या कंपनीतील ज्येष्ठता क्रमांक एक वर्ष आधी मिळणे हे पुढील तीन दशके परतावा देत राहते, आणि म्हणून बोलावणे आले असता केवळ प्रादेशिक कंपनीतील कॅप्टनच्या वेतनासाठी थांबणे आम्हाला सहसा योग्य वाटत नाही.

भारतात परत येऊन हेच काम करता येईल का?

येईल, पण अमेरिकी परवाना थेट चालत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षा, भारतातील प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी आणि परवान्याचे रूपांतर हे टप्पे पार करावे लागतात. प्रादेशिक सेवेची संधी आता घराजवळही आहे. गोव्यातील मोपा येथून मार्च २०२४पासून एटीआर ७२ विमाने चालवणारी फ्लाय९१ आणि कोल्हापूरला एम्ब्रेअर विमाने आणणारी स्टार एअर ही त्याची उदाहरणे आहेत. वेळापत्रकाचे नियम वेगळे आहेत. जुलै २०२५पासून साप्ताहिक विश्रांती ४८ तासांची झाली आहे. सर्वांत मोठा फरक नोकरी सोडताना जाणवतो. अमेरिकेत दोन आठवड्यांची सूचना देण्याची रीत आहे, तर भारतात महासंचालनालयाच्या २०१७च्या नियमानुसार सहवैमानिकाला सहा महिन्यांची आणि कमांडरला (म्हणजे कॅप्टनला) एक वर्षाची सूचना द्यावी लागते. परतीचा निर्णय घेणाऱ्याने हा काळ आपल्या कर्जाच्या हप्त्यांच्या वेळापत्रकात आधीच मांडून ठेवावा.